मनकर्णाबाईची पानपिंपरी

बोरटेकात मनकर्णाबाईचा आवाज आधी पोचायचा आणि मागून ती. अंगानं उंच, काटक, आणि चालणं असं की बरोबर निघालेल्या बाईला पळतच राहावं लागे. नवरा चंद्रभान अगदी उलट्या स्वभावाचा. बैलांशी दोन शब्द बोलेल, माणसांशी एक. तो गाडीवान होता. मूर्तिजापूरपासून तीन कोसांवरच्या या गावातून तो कापसाचे बोजे भरून कधी अमरावतीला, कधी खामगावला जाई, आणि चार-सहा दिवसांनी धुळीनं पांढरा होऊन परत येई.

ते दिवसच कापसाचे होते. समुद्रापलीकडं अमेरिका नावाच्या मुलखात लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला होता, आणि म्हणून विलायतेचे व्यापारी वऱ्हाडातल्या बोंडाबोंडासाठी जीव टाकत होते. बोरटेकात लोकांनी गुरांची कुरणं नांगरली. पाटलांनी, खुशालरावांनी, तर खळ्याची जागासुद्धा मोडून तिथं सरकी टोचली. ज्यांच्याकडं काळी जमीन होती त्यांच्या बायकांच्या अंगावर चांदी चढली, बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या आल्या.

मनकर्णाबाईकडं काळी जमीन नव्हती. मुळात जमीनच नव्हती. पण त्याच सुमारास सरकारचे पैमाशवाले साखळ्या आणि झेंड्या घेऊन गावात आले, शिवार मोजलं, दगड रोवले, आणि नाल्याकाठची वर्षानुवर्षं पडीक राहिलेली लांबट पट्टी सहा तुकड्यांत वाटून दिली. जो कसेल आणि सारा भरेल त्याच्या नावावर. पाटलांसारख्यांना त्या रेताड पट्टीत रस नव्हता. ती गेली तीन गाडीवानांना, दोन मजुरांना, आणि सहावा तुकडा माणिकबाईला. माणिकबाई विधवा होती, लोकांच्या घरी हातरेच्यावर, म्हणजे हातानं फिरवायच्या चरकावर, कापसातून सरकी काढून पोट भरणारी.

ज्या दिवशी दगड रोवला गेला त्या दिवशी मनकर्णाबाई आपल्या अर्ध्या एकराभोवती तीनदा फिरून आली. चंद्रभान बांधावर बसून बघत होता.

"एवढी काय फिरून राहिली?" तो म्हणाला.

"पाह्यतो आपलं संपते कोठी ते," ती म्हणाली. "आजवर कधी पाह्यलं नोतं."

सहाही जणांनी पहिल्या वर्षी तेच केलं जे अख्ख्या वऱ्हाडानं केलं. कापूस लावला. काळ्या रानात कपाशी कमरेच्या वर गेली आणि नाल्याकाठी ती गुडघ्यालाही आली नाही. पानं लाल पडली, पात्या गळल्या. भादव्यात सगळ्या पट्टीवर खराटे उभे केल्यासारखं दिसत होतं. गाव पैशात लोळत असताना या सहा घरांच्या पदरी ओंजळभर बोंडं आली.

आश्विनात एक दिवस चंद्रभान खेप करून परतला तर बायको शेतात उभी, पदर खोचलेला, आणि अर्धी कपाशी उपटून बांधावर टाकलेली.

"काहून उपटून राहिली वो?"

"हिच्यात हाय काय?" तिनं खाली वाकून मूठभर माती उचलली आणि त्याच्या नाकाशी नेली. "वास घ्या. घ्या ना! हे माती कोनाची हाय सांगू? माह्या बापाच्या मळ्यातली. तशीच भुसभुशीत, तसंच पानी लगेच पिऊन टाकते. मी येडी, वर्षभर हिच्यावर चालली आन मले समजलं नाई."

मनकर्णाबाईचं माहेर अंजनगावचं. बारी लोकांचं घर, पानमळ्यांचं. विड्याच्या पानांबरोबरच तिचा बाप पानपिंपरी पिकवायचा. हा वेल दिसायला पानवेलीची धाकटी बहीण शोभावा असा, जमिनीलगत पसरणारा, सावलीत रमणारा. त्याला बोटाच्या पेराएवढी दाणेदार फळं येतात. कच्ची हिरवी असताना खुडायची, वाळवली की काळपट करडी होतात आणि तोंडात टाकली की जीभ पेटते. वैद्य, हकीम, जडीबुटी विकणारे अत्तार सगळे तिचे गिऱ्हाईक. खोकल्याला पिंपरी, बाळंतिणीला पिंपरी, आणि वेल खणल्यावर मुळंसुद्धा औषधाला जातात. मनकर्णाबाई लहानपणी त्या मळ्यातच वाढली होती. कुठल्या वाफ्याला किती पाणी हे तिला अक्षर न शिकताही पाठ होतं.

"अख्खी दुनिया कापूस लावून राहिली," चंद्रभान म्हणाला, "आन तू दवाईची झाडं लावतं?"

"दुनियेजवळ काळी हाय. आपल्याजवळ हे हाय." मग ती जरा थांबली. "आन एक सांगा. तुमी मूर्तिजापुराकडे जाता तवा तो लोखंडी रस्ता पाह्यता का नाई? मुरूम टाकून राहिले, पूल बांधून राहिले. आगगाडी आली का खामगावले, अमरावतीले बैलगाडी कोन नेईन? तुमचं काम राहीन ते ठेसनापर्यंतचं. तीन कोसाचं."

चंद्रभान उठून बैलांकडं गेला. तिसऱ्या दिवशी बाजारातून आला तेव्हा त्यानं ओट्यावर एक पुडकं ठेवलं. आत एरंडीचं आणि शेवरीचं बी होतं.

कारण वेल लावायच्या आधी सावली लावावी लागते, हे तिनं त्याला लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी कधीतरी सांगितलं होतं.

झालं. मनकर्णाबाईच्या अंगात वारं शिरलं. ती पट्टीवरच्या पाचही घरी गेली. माणिकबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "बसून करायचं काम हाय का उभ्यानं?" बसून खुडायचं, असं कळल्यावर ती म्हणाली, "मंग जमन मले. माहे गुडघे गेले पन बोटं शाबूत हायेत." तिघं आणखी तयार झाले. राहिली मैनाबाई, शेजारच्या गाडीवानाची बायको. ती हसली.

"बेण्याचा पत्ता नाई आन सावली पाळून ठेवू? वेल आन आधी, मंग पाहू."

तेव्हा पाच तुकड्यांवर शेवरी-एरंडीच्या ओळी उगवल्या आणि मैनाबाईच्या तुकड्यावर तीच खुरटी कपाशी उभी राहिली. खुशालराव पाटील घोडीवरून नाल्याकडं आले की घोडी थांबवीत.

"काय वो मनकर्णाबाई, जंगल वाढवून राहिली का? वाघ पाळायचा इचार हाय?"

"पाळीन जी पाटील," ती ओरडून सांगे, "पयला तुमच्याच वाड्याकडे सोडीन!"

माघात ती माहेरी गेली. बाप वारला होता, मळा भावाकडं होता. भाऊ देवीदास तिच्याहून सहा वर्षांनी मोठा, बापासारखाच हातावर माती आणि कपाळावर आठी. बहीण आली म्हणून त्यानं पुरणपोळी घातली, आणि बहीण कशासाठी आली हे कळल्यावर ताटावरून उठला.

"बेणं गावाबाहेर देत नाई आपन. बाबानं कोनाले दिलं का कधी?"

"मी काय गावाबाहेरची हाय?"

"लग्न झालं तवाच झाली."

हे तिला लागलं. पण सकाळी ती सगळ्यांच्या आधी मळ्यात हजर होती. पिंपरीचा हंगाम उतरला होता, जुने वेल खणून मुळं काढायचं काम चालू होतं. तिनं कोणाला न विचारता खुरपं उचललं. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. वहिनी म्हणाली, "वन्सं, तुमी पाहुण्या आहात," तर ही म्हणे, "पाहुनी नाई, मजूर हाय. मजुरी शेवटी मागीन." असे अठरा दिवस गेले. देवीदास रोज बघत होता की बहिणीच्या हातचं मूळ तुटत नाही, अख्खं निघतं, जसं बापाच्या हातचं निघायचं.

एकोणिसाव्या दिवशी इलिचपूरचे कादरभाई अत्तार आले. पन्नाशीचे, दाढी मेंदीनं रंगवलेली, दरवर्षी देवीदासची पिंपरी तेच उचलत. या वेळी पोती बघून त्यांचा चेहरा उतरला.

"बस इतनीच? देवीदास, दो साल से यही सुन रहा हूं. हैदराबादवाले मागून राहिले, बऱ्हाणपूरवाले मागून राहिले. अंजनगावच्या सगळ्या मळ्यांचा माल एक करतो तरी पुरत नाई. अशानं मी इकडे येनंच सोडीन. बंगालचा माल मुंबईले उतरते, तिथून घेईन."

देवीदास पोत्यांची तोंडं बांधू लागला. कादरभाई गाडीत बसायला निघाले तशी मनकर्णाबाई मातीच्या हातांनीच त्यांच्या मागं धावली.

"अत्तारजी! थांबा जी! बोरटेकात पिकली तर घ्याल का?"

"बोरटेक कोठी हाय?"

"मूर्तिजापुराच्या अलीकडे. सहा मळे हायेत." मळे अजून व्हायचे होते, पण तिच्या डोळ्यांपुढं ते उभे होते, मग खोटं कसं म्हणावं?

कादरभाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मग हसले. "पिंपरी तोंडात टाकल्यावर माहे डोळे वल्ले झाले तर घेईन बाई. नाई झाले तर एक दाना घेनार नाई."

गाडी गेली. मनकर्णाबाई वळली तर भाऊ मागंच उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"भाऊ," ती म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता, "तो यायचा बंद झाला तर तुहा माल कोन घेईन? आमी पिकवली तर त्याची गाडी भरन. गाडी भरली तर तो येत राहीन. तुह्या तोंडचं मी काही काढून नेत नाई."

देवीदास बराच वेळ पायानं माती उकरत राहिला. शेवटी म्हणाला, "अठरा दिवसांची मजुरी झाली तुही. काय घेतं, धान्य का बेणं?"

ती एवढ्या जोरानं हसली की शेवरीवरचे पोपट उडाले.

देवीदासनं स्वतः निवडून वेलांचे तुकडे कापले, जाड पेराचे, तीन-तीन डोळ्यांचे. केळीच्या पानांत गुंडाळून, वरून ओलं गोणपाट बांधून चंद्रभानच्या गाडीत भारे रचले. चंद्रभान तिला न्यायला आला होता. फाल्गुन संपत होता, ऊन तापलं होतं, आणि वाट दोन दिवसांची. पहिल्या दिवशी दर्यापूरच्या अलीकडं गाडी कापसाच्या गाड्यांच्या रांगेत सापडली. पुढं शंभर, मागं शंभर, धुळीचा नुसता लोट. कोणी पुढं जाऊ देईना. गोणपाट वाळायला लागलं. मनकर्णाबाईनं हात लावला तर भारा गरम.

"उतरते मी," ती म्हणाली आणि चालत्या गाडीतून उडी मारली. रांगेच्या कडेनं पळत ती प्रत्येक गाडीवानाला सांगत सुटली, "बाजूले घ्या हो! आमच्या गाडीत तान्हं बाळ हाय, पान्यावाचून जीव जाईन!" गाडीवान बिचारे घाबरून बैल वळवू लागले. एकानं विचारलं, "किती दिवसांचं हाय लेकरू?" ती म्हणाली, "आजच कापलं!" तो तोंड वासून बघत राहिला आणि तेवढ्यात चंद्रभाननं गाडी पुढं काढली. आयुष्यात पहिल्यांदा लोकांनी चंद्रभानला मोठ्यानं हसताना ऐकलं.

पूर्णेच्या पात्रात पाणी गुडघाभर होतं. दोघांनी भारे उतरवून पाण्यात धरले, गोणपाट पुन्हा भिजवलं, सावलीत ठेवलं, आणि ऊन कलल्यावर पुढं निघाले. बोरटेकात पोचले तेव्हा माणिकबाई वेशीवर बसून होती. तिनं एक भारा सोडला, पेर नखानं कोरलं, आणि आतला हिरवा रंग बघून दोन्ही हात कपाळाला लावले.

दुसऱ्या दिवशी लागवड सुरू झाली. पुरुषभर वाढलेल्या शेवरीखाली वाफे, वाफ्यात शेणखत, आणि दर हातावर एक तुकडा. मनकर्णाबाई वाफ्यांमधून पळत होती. "डोळा वर ठेव! उलटा नको लावू गा, तो आकाशात मुळ्या सोडन का?" पट्टीवर एकच जुनी विहीर होती. मोटेच्या पाळ्या ठरल्या. मैनाबाईनं आता कपाशी उपटली आणि तिनंही बेणं मागितलं. मनकर्णाबाईनं दिलं, पण बजावलं, "सावली नाई तुह्याकडे. कडब्याची ताटं उभी कर, वर काही तरी टाक." मैनाबाईनं चार दिवस तुरीच्या काड्या टाकल्या, मग वारा आला, काड्या उडाल्या, आणि तिनं पुन्हा टाकल्या नाहीत.

वैशाख आला. त्या वर्षीचा वैशाख असा की दुपारी विहिरीच्या काठावरचा दगड हातात धरवत नव्हता. पाचही तुकड्यांवर काही वेल गेले, पण बहुतेकांनी जीव धरला. मैनाबाईचा तुकडा मात्र आठ दिवसांत करपला. पानं अशी कुरकुरीत झाली की बोटात चुरावीत. ती मनकर्णाबाईच्या दारात येऊन उभी राहिली.

"तुह्यापायी माही कपाशीबी गेली आन हे बी गेलं!"

मनकर्णाबाईनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. तिच्याकडं उत्तरं भरपूर होती. पण मैनाबाईचा चेहरा बघून तिनं ते सगळं गिळलं. मैनाबाई भांडायला आली नव्हती, ती घाबरली होती.

"ये," ती म्हणाली आणि तिला हाताला धरून आपल्या मळ्यात घेऊन गेली. सावलीतल्या वेलांनी आता फांद्या फोडल्या होत्या. मनकर्णाबाईनं आपल्या दोन वाफ्यांवर हात फिरवला. "हे दोन तुहे. माह्याच मळ्यात राहू दे यंदा. पानी तू घाल, खुड तू. तुह्या रानात पाऊस पडला का शेवरी टाक, पुढच्या साली तिथी नेऊ."

मैनाबाईनं डोळ्याला पदर लावला. दुसऱ्या दिवसापासून त्या दोन वाफ्यांत एक गवताची काडी दिसली नाही.

आषाढात बातमी आली की अमेरिकेतली लढाई संपली. बोरटेकात कोणाला अमेरिका कुठं आहे ते ठाऊक नव्हतं, पण कापसाचा भाव घसरल्याचं सगळ्यांना ठाऊक झालं. खुशालराव पाटील घोडीवरून कमी हिंडू लागले. आणि त्याच पावसाळ्यात आगगाडी मूर्तिजापूरला येऊन पुढं बडनेऱ्याकडं निघून गेली. शिट्टीचा आवाज वाऱ्याबरोबर बोरटेकपर्यंत यायचा. चंद्रभानच्या लांबच्या खेपा बंद झाल्या. ज्या दिवशी व्यापाऱ्यानं त्याला "आता गरज नाही" म्हणून परत पाठवलं त्या दिवशी तो घरी न जाता सरळ मळ्यात आला, अंगरखा काढून फांदीला टांगला आणि विचारलं, "कोनता वाफा राहिला?"

श्रावणात एकदा नाल्याला मोठा पूर आला. पुराचं पाणी पट्टीत शिरलं नाही, पण पावसाचं पाणी वाफ्यांत तुंबून राहिलं. पिंपरीच्या मुळाशी पाणी साचलं की वेल कुजतो. सहाही घरची माणसं धो धो पावसात फावडी घेऊन आली. मनकर्णाबाई पुढं, चर कुठून कसा काढायचा ते हातानं दाखवत. माणिकबाई गुडघ्यांमुळं येऊ शकत नव्हती, तर ती बांधावर घोंगडी घेऊन बसली आणि तिथून ओरडत राहिली, "डावीकडे तुंबलं! मैने, तुह्या मागं तुंबलं!" दिवस मावळायच्या आत सगळं पाणी चरातून नाल्यात उतरलं. चिखलानं भरलेली ती माणसं एकमेकांकडं बघून हसत सुटली.

आणि मग भादव्यात, एका सकाळी, पानं बाजूला सारताना मनकर्णाबाईला पहिली पिंपरी दिसली. हिरवी, कोवळी, उभी. तिनं श्वास रोखला, आणि मग असा आवाज दिला की मोट हाकणाऱ्या चंद्रभाननं बैल तिथंच सोडून धाव घेतली. त्याला वाटलं साप चावला.

"पाहा! पाहा ना! हे पाहा, आन हे, आन इकडे तर झुबकाच हाय!"

चंद्रभान गुडघ्यावर बसला. त्यानं पिंपरीला हात लावला नाही, नुसतं पानाच्या खालून वाकून पाहिलं, लहान मुलाच्या झोळीत पाहावं तसं.

आश्विनापासून खुडणी सुरू झाली. बायका ओळीनं बसायच्या, आणि सगळ्यांत पुढं माणिकबाई. रेच्यावर वीस वर्षं चाललेली तिची बोटं वेलीवरून अशी फिरायची की तरण्या बायकांना लाज वाटावी. खुडलेली पिंपरी अंगणात चार-पाच दिवस वाळायची आणि अख्ख्या गावाला तिखट वास यायचा. जाणारे-येणारे शिंकायचे. बोरटेकात त्या हिवाळ्यात खोकला असा कोणाला राहिलाच नाही, कारण ज्याला ठसका लागे तो मनकर्णाबाईच्या दारात यायचा आणि मधात उगाळलेली पिंपरी चाटून जायचा. एक दिवस पाटलीणबाईंनीही सुनेसाठी मागवून घेतली.

मार्गशीर्षात कादरभाई आले. मूर्तिजापूरच्या स्टेशनवर आगगाडीतून उतरून, तिथून चंद्रभानच्या गाडीतून. देवळापुढच्या पारावर सहा घरांचे सहा ढीग पांढऱ्या कापडावर मांडले होते. सगळं गाव जमलं होतं. पाटीलही आले, पण जरा लांब उभे राहिले. कादरभाई प्रत्येक ढिगाजवळ उकिडवे बसत, मूठभर उचलून वास घेत, एक पिंपरी मोडून दाताखाली धरत.

पहिला ढीग मनकर्णाबाईचाच होता. कादरभाईंनी चघळलं, थांबले, पुन्हा चघळलं. डोळे कोरडेच.

"बाई, हे थोडं पिकून गेलेलं हाय. वेलीवर जास्त राह्यलं. खुडायले उशीर केला."

मनकर्णाबाईचं तोंड उतरलं. खरं होतं. सहा मळ्यांवर धावता धावता तिच्या स्वतःच्या मळ्यातली खुडणी मागं पडली होती.

कादरभाई पुढच्या ढिगाकडं सरकले. माणिकबाईचा. एक पिंपरी दाताखाली गेली आणि त्यांचा चेहराच बदलला. नाकाचा शेंडा लाल झाला, डोळ्यांत पाणी आलं, त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि मोठ्यानं हसले.

"वाहवा! हे कोनाचं हाय?"

माणिकबाई मागं लपली होती, तिला लोकांनी पुढं ढकललं.

"आजी, अंजनगावच्या तोडीचं हाय हे. हे सगळं उचलतो मी."

मैनाबाईच्या दोन वाफ्यांचा छोटासा ढीगही पास झाला, इतरांचेही झाले. मनकर्णाबाईचा पिकलेला माल कादरभाईंनी कमी भावानं घेतला आणि म्हणाले, "पुढच्या साली स्वतःच्या मळ्याकडेबी पाहा, बाई." ती मान डोलावत होती, हसत होती आणि रडतही होती, आणि तिचं तिलाच कळत नव्हतं की आपण काय करतो आहोत. माणिकबाईनं तिला घट्ट धरलं.

"तुहाच माल हाय हा," माणिकबाई म्हणाली. "बेणं कोनी आनलं?"

"खुडला तू ना! माह्यापेक्षा चांगला खुडला!" मनकर्णाबाईचा आवाज पुन्हा चढला, आणि सगळं गाव हसायला लागलं.

त्या संध्याकाळी खुशालराव पाटील स्वतः पट्टीकडं आले. घोडी न आणता, पायी. नाल्याच्या पलीकडं त्यांचीही रेताड जमीन होती, तीन बिघे, कपाशीनं कधीच न मानलेली. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून शेवटी त्यांनी विचारलं, "आमाले जमन का वो हे?"

"जमन की जी. पन शेवरी आतापासून लावा," ती म्हणाली. "आन आमच्या बाया सांगतीन तसं करा लागन."

पाटलांनी मान डोलावली. गावात दुसऱ्या दिवशी या गोष्टीची फार चर्चा झाली.

पौषात देवीदास बोरटेकला आला. वाफ्यांच्या ओळी बघितल्या, शेवरी फार दाट आहे म्हणाला, दोन ठिकाणी खत कमी आहे म्हणाला, माणिकबाईला विचारून विचारून खुडायची तिची पद्धत पाहिली आणि त्यातलं काहीतरी शिकूनही घेतलं. दोन दिवसांसाठी आलेला माणूस दहा दिवस राहिला. जाताना बहिणीला म्हणाला, "बाबा असते तर तुले शिव्या घातल्या असत्या. आन मंग सगळ्यांले सांगत फिरले असते."

मनकर्णाबाई त्यानंतर बरीच वर्षं जगली. चंद्रभान मोटेवरून बघता बघता असा मळेकरी झाला की वेलाचा रोग तो तिच्याआधी ओळखू लागला. बोरटेकाच्या नाल्याकाठी पुढं दोन्ही बाजूंनी मळे झाले, मैनाबाईच्या रानातली शेवरी सगळ्यांत उंच वाढली. कापूस काळ्या रानात राहिला, चढला, पडला, पुन्हा चढला. पट्टीवरची पिंपरी आपली शांतपणे पिकत राहिली.

पण तिची आठवण लोक सांगतात ती पहिल्या हंगामानंतरच्या फाल्गुनातली. कारंज्याकडच्या एका खेड्यातून चार गाडीवान आले होते. त्यांच्याही खेपा आगगाडीनं बंद पाडल्या होत्या, त्यांनाही पैमाशीत ओढ्याकाठचे तुकडे मिळाले होते. कापूस येत नव्हता. कोणीतरी त्यांना मनकर्णाबाईचं नाव सांगितलं होतं. ते दारात हात जोडून उभे राहिले, आणि ती त्यांचं सगळं बोलणं संपायच्या आधीच उठली.

"माती आनली का बांधून?"

त्यांनी आणली होती. तिनं पुडकं सोडलं, मूठभर उचलून वास घेतला, बोटांत चुरली, थोडी ओली करून बघितली. मग तिनं घरात आवाज दिला, "अहो, गाडी जुंपा! मैने, खुरपं घे, तू बी चाल. माणिकबाईले गाडीत बसवा, तिच्यावाचून खुडनं कोन शिकवन?"

माणिकबाई गाडीत बसली, शेवरीच्या बियांचं पुडकं तिच्या मांडीवर. मैनाबाई बाजूला. चंद्रभाननं कासरा ओढला. मनकर्णाबाई मात्र गाडीत बसलीच नाही. ती बैलांच्याही पुढं झपाझप चालू लागली, आणि ते चार गाडीवान तिला गाठायला पळायला लागले.